विद्यार्थ्यांच्या लेखनातील वाक्यांचा ओघ : मूल्यमापनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक :
उत्तरपत्रिकेवर ‘भाषा ओघवती आहे’ किंवा ‘लेखनात ओघ नाही’ असा शेरा आपण अध्यापक वर्षानुवर्षे देत आलो आहोत. या शेऱ्याचा गुणांवर परिणाम होतो. परंतु ओघ म्हणजे नेमके काय, हे आपण विद्यार्थ्यास क्वचितच सांगतो. ओघ कानाने जोखणे योग्य आहे काय, आणि तसे जोखताना कोणावर अन्याय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परीक्षकांमधील मतभेद :
1961 साली अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने पॉल डीडरिख व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे 300 निबंध 53 परीक्षकांनी कोणतेही निकष ठरवून न घेता 9 श्रेणींत विभागले. त्यांपैकी 94 टक्के निबंधांना किमान 7 वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. परीक्षक अभ्यासू होते. मात्र कोणी विचाराला, कोणी मांडणीला, तर कोणी शुद्धलेखनाला महत्त्व देत होता. पुढे तेथे विकसित झालेल्या ‘सिक्स ट्रेट्स’ या मूल्यमापनपद्धतीत वाक्यांच्या ओघाला स्वतंत्र स्थान मिळाले. वाक्यांची लांबी व सुरुवात यांतील वैविध्य आणि मोठ्याने वाचताना जाणवणारी लय ही त्याची प्रमुख गमके होत.

ही गमके इंग्रजीच्या घडणीतून आलेली आहेत. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे आपल्याकडील एकसुरीपणा वाक्यारंभापेक्षा वाक्यान्ती अधिक जाणवतो. ‘आहे’ने संपणारी सलग सहा वाक्ये वाचून पाहिल्यास हे ध्यानी येईल. तसेच ‘ते पुस्तक, जे की मला फार आवडले, ते मी मित्राला दिले’ हे वाक्य ज्या कारणाने अडखळते, ते कारण ‘मला फार आवडलेले ते पुस्तक मी मित्राला दिले’ या रचनेत नाहीसे होते. मराठीचा ओघ मराठीच्या रचनेतूनच तपासला पाहिजे.

दोन नमुने :
विवेचनासाठी रचलेले पुढील दोन उतारे पाहावेत.

(अ) ‘निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे. म्हणूनच वृक्ष ही आपली संपत्ती आहे. त्यामुळे पर्यावरणाचे रक्षण करणे ही काळाची गरज आहे.’

(ब) ‘आमच्या गावात विहीर हाय, पण उन्हाळ्यात तिचं पाणी खाली जातं. तवा बाया दोन कोस चालतात, त्यांच्यासंगं पोरी जातात, मंग पोरींची शाळा बुडते. म्हणजे शिक्षण सुटायचं कारण घरात नाही, विहिरीत हाय.’

पहिला उतारा कानाला गुळगुळीत लागतो व बहुधा अधिक गुण मिळवून जातो. परंतु ‘म्हणूनच’ आणि ‘त्यामुळे’ हे शब्द तेथे कोणताही कार्यकारणभाव दाखवीत नाहीत. मित्र असण्यावरून संपत्ती असणे सिद्ध होत नाही. ही मार्गदर्शकातून पाठ झालेल्या वाक्यांची माळ आहे. दुसऱ्या उताऱ्यात प्रमाणभाषेचे नियम सांभाळलेले नाहीत. तथापि प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यातून निघते आणि शेवटचा निष्कर्ष वाचकाला पटतो.

एक पर्यायी कसोटी :
भारतीय शास्त्रपरंपरेत वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता व सन्निधी या तीन अटी मानल्या आहेत. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’मुळे त्या अनेकांच्या परिचयाच्या आहेत. मूळ विवेचन एका वाक्यातील पदांपुरते असले, तरी त्याचा विस्तार वाक्यांच्या परस्परसंबंधापर्यंत करता येईल असे वाटते. या वाक्याने जी अपेक्षा निर्माण केली ती पुढील वाक्य पूर्ण करते काय? जोडलेली दोन विधाने अर्थदृष्ट्या जुळण्याजोगी आहेत काय? संबंधित शब्द व वाक्ये परस्परांजवळ आहेत काय? या तीन प्रश्नांपुढे उतारा (अ) दुसऱ्याच प्रश्नावर अडतो, तर उतारा (ब) तिन्ही प्रश्नांना उतरतो.

याचा अर्थ प्रमाणलेखनाकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. ‘हाय’चे ‘आहे’ करणे हे शिकवण्याजोगे आणि अल्पावधीत साधणारे काम आहे. विधानांमागील तुटलेला विचार सांधणे त्याहून कितीतरी कठीण आहे. या दोहोंचे गुण एकत्र दिले, की घरी प्रमाणभाषा न बोलणारा विद्यार्थी एकाच उणिवेसाठी दोनदा गुण गमावतो आणि घोकंपट्टी करणारा एकाच सफाईसाठी दोनदा गुण कमावतो.

निष्कर्ष :
ओघ हा वाक्यांच्या पृष्ठभागाचा गुण नसून विधानांमधील संबंधांचा गुण आहे. म्हणून ओघ व प्रमाणलेखन यांना स्वतंत्र गुण असावेत. ‘ओघ नाही’ असे लिहिण्याऐवजी धागा जेथे तुटला त्या दोन वाक्यांमध्ये खूण करावी. तसेच तपासणीपूर्वी विभागातील सहकाऱ्यांनी काही उत्तरपत्रिका एकत्र वाचून आपापल्या श्रेणींची कारणे परस्परांस सांगावीत. एवढे केले तरी आपल्या शेऱ्यातून विद्यार्थ्यास केवळ निकाल कळणार नाही, तर दुरुस्तीची वाटही सापडेल.