ऋतूचा राग आणि अभ्यासाचा राग

माझा पुतण्या कलबुर्गीस कायद्याचा अभ्यास करतो. गेल्या श्रावणात तो मुडबीस आला होता. परीक्षा जवळ आलेली. कानात यंत्राच्या बोंडल्या घालून तो कराराचा कायदा वाचीत बसला होता. काय ऐकतोस म्हणून विचारले, तर म्हणाला, "काका, अभ्यासाचे राग." दोन तासांची एक मालिका, आणि तिच्यावर नावही तेवढेच. मी एक बोंडली कानाला लावली. मियाँमल्हाराची आलापी चालली होती. खर्जात दोन्ही निषाद एकमेकांस बिलगून येत होते, कोमल गंधार हेलावत होता. आणि आमचे चिरंजीव त्याच वेळी प्रस्ताव व स्वीकृती यांतील भेद पाठ करीत होते. शीर्षक एका परीने खरेच होते. अभ्यासाचा राग त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

कामाला साजेल असे संगीत निवडावे ही कल्पना मात्र नवी नाही. तिचा एक फार जुना दाखला आमच्याच तालुक्यातला आहे. आज ज्याला आपण बसवकल्याण म्हणतो, त्या कल्याणच्या गादीवरील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ११२९ च्या आसपास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, असे शंभर अध्याय. त्यातील गीतविनोदात कोणते गीत कोणत्या प्रसंगी गावे याचा विचार आहे. विवाहात धवल गावे, होळीत चच्चरी, आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे तो राजा नोंदवून ठेवतो. गोव्याकडील वाचकांना शिगम्याची गाणी आठवतील, तीही फाल्गुनाचीच.

पण सोमेश्वराने पाहिलेली स्त्री स्वतः गात होती. मुसळाचा ठेका तिच्या हाताचा आणि ओवी तिच्या कंठाची. काम आणि गाणे एकाच श्वासावर चाललेले. माझ्या पुतण्याच्या कानात गाणारा मनुष्य निराळा आणि वाचणारा निराळा. एकाच्या बुद्धीवर दोघांनी हक्क सांगावा, अशा दाव्यात निकाल कोणाच्याही बाजूने लागत नाही.

ऋतूचा आणि वेळेचा नियम आपल्या संगीतात कोठून आला, याचा खल पुष्कळ झाला आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त रागांना ऋतू नेमून दिले. पुढे हनुमन्मताच्या सहा रागांची वाटणी रूढ झाली: वसंताला हिंदोल, ग्रीष्माला दीपक, वर्षेला मेघ, शरदाला भैरव, हेमंताला श्री, शिशिराला मालकंस. यांपैकी आज ऋतू पाळून गाइले जातात ते मल्हाराचे प्रकार आणि वसंत-बहार एवढेच म्हणावयास हरकत नाही. मालकंस तर बारा महिने मध्यरात्री उभा असतो. वेळेच्या नियमाला शिस्त लावली ती विष्णु नारायण भातखंडे यांनी. हे गृहस्थ १८८७ साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेले, आणि त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' गुरुशिष्यांच्या सवालजबाबात, मराठीत लिहिलेली. वादी स्वर पूर्वांगात असेल तर राग मध्यान्हापासून मध्यरात्रीपर्यंतचा, उत्तरांगात असेल तर मध्यरात्रीपासून मध्यान्हापर्यंतचा, ही विभागणी वाचताना मला नेहमी एका समव्यवसायीचा हात ओळखू येतो. वादी, संवादी, विवादी! आमच्या कोर्टात संवादी मात्र अद्याप भेटलेला नाही.

तथापि हा नियम कायदा नसून रूढी आहे. दक्षिणेकडील पद्धती तो इतका कडकपणे पाळीत नाही. आपल्याकडेही भैरवी सकाळची म्हणावयाची आणि मध्यरात्रीच्या मैफलीचा शेवट तिनेच करावयाचा. मग ही रूढी मानावी का? माझ्यापुरते उत्तर मला एका दुष्काळात मिळाले.

२०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. आमच्याकडेही विहिरींचे तळ दिसत होते, तुरीची रोपे गेली होती. ज्येष्ठातल्या एका रात्री देवळात भजनाला बसलो असता एका वृद्ध गृहस्थांनी गौडमल्हारातले एक पद धरले. कोणीतरी म्हणाले, "आप्पा, पाण्याचा थेंब नाही आणि मल्हार कशाला?" आप्पा थांबले नाहीत. पदातला मेघ वर कोठेच नव्हता, आणि तरीही त्या रात्रीइतका मल्हार मला कधी कळला नाही. तो पावसाचे वर्णन करीत नाही. पाऊस ज्यांना हवा आहे त्यांच्या बाजूने तो बोलतो.

कुमार गंधर्वांच्या 'गीत वर्षा'चे मोल येथेच आहे, असे मी समजतो. क्षयाच्या आजारात १९४८ पासून देवासला पडून असताना माळव्यातील लोकांची गाणी त्यांच्या कानी आली. पुढे 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' या कार्यक्रमांत त्यांनी रागदारी बंदिशी आणि लोकगीते एका बैठकीत आणली. ऋतू तेथे रागाच्या शेजारी टांगलेले चित्र नाही, माणसांच्या आयुष्यात घडणारी गोष्ट आहे. याउलट १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका घ्या. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी एका मेंढपाळाचा दिवस अहीरभैरवापासून पहाडीपर्यंत रंगविला. वादन निःसंशय गोड आहे, मीही ते आवडीने ऐकतो. परंतु गाणे ऐकण्यापूर्वीच काय वाटावयाचे ते सांगून टाकण्याची खोड तिच्या यशाने बळावली, असा माझा आरोप आहे. "अभ्यासाचे राग" हे तिचे लांबचे नातवंड.

शास्त्राचा आधार म्हणून १९९३ सालचा कॅलिफोर्नियातील प्रयोग पुढे केला जातो. छत्तीस विद्यार्थी, दहा मिनिटे मोझार्टचे वादन, आणि आकृत्यांच्या कसोटीत किंचित सरस गुण. तो लाभ दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, हे मात्र जाहिरातदार सांगत नाहीत. स्वतः कायदा वाचीत असता मी पुष्कळ प्रयोग केले. शब्दप्रधान गाण्याने पानावरचे शब्द पळतात; द्रुत तानांनी मन पळते; मारवा तर अस्वस्थच करतो, कारण षड्जावर तो सुखाने बसूच देत नाही. त्यातल्या त्यात भूपाची संथ आलापी अभ्यासापूर्वी पाऊण घटका ऐकावी, मग बंद करून वाचावे, एवढेच मला साधले.

हुमनाबादजवळच्या माणिकनगरला मार्गशीर्षात दत्तजयंतीचा उत्सव असतो आणि प्रभूंपुढे गायन-वादनाची सेवा होते. माणिकप्रभूंनी मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. तेथे थंडीत घोंगडी पांघरून बसलेला श्रोता दुसरे काहीच करीत नसतो.

पुतण्याला हे सारे सांगितले. त्याने बोंडल्या काढल्या, पुस्तक मिटले आणि म्हणाला, "काका, ते दोन निषाद कोणते, ते पुन्हा एकदा दाखवा." त्या रात्री कराराचा कायदा पुढे सरकला नाही. निकाल अजून लागावयाचा आहे.