सुपारीचा छेद आणि कोरी जागा

धर्मग्रामाचा सण किंवा चर्चचा महोत्सव जवळ आला की तरुण मंडळींपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर काय घ्यावे? गेल्या काही वर्षांत अशा पुष्कळ स्मरणिका, नाताळची भेटकार्डे आणि सणांची भित्तिपत्रके आमच्या पाहण्यात आली. छपाई पूर्वीपेक्षा सुबक झाली आहे, कागद गुळगुळीत आहे, अक्षरे ठसठशीत आहेत. आणि तरीही एकीवरून दुसरी ओळखू येऊ नये इतकी ती सारखी आहेत. ज्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत अंगणाअंगणांतून सुपारी वाळत घातलेली असते, तेथील भेटकार्डावर बर्फाने वाकलेले सूचिपर्णी वृक्ष असतात. हा दोष कारागिरीचा नाही. तो पाहण्याचा आहे.

‘प्रेरणा हवी असेल तर चांगली छायाचित्रे पाहा, उत्तम ग्राफिक डिझाइन पाहा,’ असा सल्ला या मुलांना सर्वत्र मिळतो. सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. पाहायचे हे ठरले. पाहून घ्यायचे काय, हे कुणी सांगत नाही. मग मुले जे सर्वांत सहज उचलता येते तेच उचलतात, म्हणजे तयार चित्राचा तयार झालेला पृष्ठभाग. छायाचित्राने आणि उपयोजित कलेने खरोखर काय द्यावे, याचा विचार आम्ही येथे एका ठिकाणाच्या आधाराने करू इच्छितो. ते ठिकाण म्हणजे रायगड किनाऱ्यावरील श्रीवर्धन.

श्रीवर्धनची छायाचित्रे कुणी पाहिली नाहीत? अर्धचंद्राकृती पुळण, मावळता सूर्य, जीवना बंदरावरच्या होड्या, आणि हे गाव भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे म्हणून त्यांचे स्मारक. दृश्ये खोटी नाहीत. पण सूर्य समुद्रात बुडताना मुरूडला दिसतो तसाच श्रीवर्धनला दिसतो. त्या चौकटीतून गावाचे नाव काढून घेतले तर गाव उरत नाही. श्रीवर्धनचे म्हणून जे आहे ते किनाऱ्याच्या मागे, पोफळीच्या वाड्यांत आहे. येथील रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. गावात सुपारीचे संशोधन केंद्रही आहे. या सुपारीची ख्याती कशावर अवलंबून आहे, हे कळले तर चित्रकारानेही कान टवकारावेत. ती अवलंबून आहे आतल्या पांढऱ्या भागावर. अडकित्त्याने सुपारी कापली की पांढऱ्या गरात तांबूस-तपकिरी शिरा पसरलेल्या दिसतात, एखाद्या संगमरवरी फरशीसारख्या. पांढरा भाग जितका अधिक, तितकी सुपारी चांगली. म्हणजे व्यापारी आणि बागाईतदार पिढ्यान्‌पिढ्या एका छेदातील पांढऱ्या जागेचे मूल्य नजरेने ठरवीत आले आहेत. ग्राफिक डिझाइनच्या वर्गात मोकळ्या जागेचा जो धडा पहिल्या वर्षी गिरवून घेतात, तो या गावात पानाच्या तबकात पडलेला आहे. श्रीवर्धनच्या एखाद्या पत्रिकेवर किंवा मुखपृष्ठावर हा छेद कुणी मोठा करून छापलेला आमच्या तरी पाहण्यात नाही. मावळता सूर्य मात्र सर्वत्र आहे.

छायाचित्रणाचा खरा धडा निवडीचा आहे. कॅमेरा काही निर्माण करीत नाही. तो समोरच्या अफाट पसाऱ्याभोवती चार रेषा आखतो, आणि त्या रेषांबाहेर काय टाकले यावर चित्राची योग्यता ठरते. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे या शतकभरातील थोर छायाचित्रकार तरुणपणी आंद्रे ल्होत या चित्रकाराकडे शिकले होते. चौकटीची भूमिती ते चित्रकलेतून शिकले आणि रस्त्यावरच्या माणसांत ती शोधीत हिंडले. प्रेरणेचा व्यवहार असा उलटसुलट चालतो: छायाचित्रकार चित्राकडून घेतो, चित्रकार छायाचित्राकडून. मात्र घेण्याची वस्तू दोघांच्याही बाबतीत शिस्त ही आहे, विषय नव्हे.

ही शिस्त सुटली की काय होते, याचा एक जुना नमुना आपल्याच मुंबईत आहे. मुंबईत छायाचित्र संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे ही कला युरोपात जाहीर झाल्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत. तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. माणसे एका जागी टिपायची, मग त्यांच्या आकृत्या वेगळ्या करून निराळ्याच ठिकाणी टिपलेल्या पार्श्वभूमीवर बसवायच्या, अशी त्याची रीत होती. तंत्र त्या काळाच्या मानाने विलक्षण कौशल्याचे होते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्या पानांवरची माणसे ज्या जमिनीवर उभी आहेत ती त्यांची नाही. ती नमुने झाली आहेत. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटाच्या एका स्पर्शाने पार्श्वभूमी बदलते आणि मुलांना त्याचे अप्रूप वाटते. दीडशे वर्षांहून जुनी ही युक्ती आहे, आणि तिचा दोषही तितकाच जुना आहे. टोपलीसह उभी केलेली कोळीण हा आजच्या पर्यटन-छायाचित्रांतला असाच एक नमुना. जीवना बंदरावर जाळे विणणाऱ्या हातांची बोटे कशी चालतात ते त्या चित्रात कधीच नसते.

आता उपयोजित कलेकडे वळू. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत या कलेचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. मराठी घरात मात्र ही कला शाळेतून आली नाही. ती मासिकांच्या आणि दिनदर्शिकांच्या वाटेने आली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघाही चित्रकारांची मुळे गोव्यात होती. दलालांचा ‘दीपावली’ अंक १९४५ पासून निघू लागला. त्यांच्या चित्रांतील माधुर्यावर दोन पिढ्या पोसल्या. दलालांची रेषा आम्हांला आजही मोह घालते. पण त्यांच्या मागून आलेल्या अनुकरणकारांनी रेषा सोडली आणि माधुर्य तेवढे उचलले, ही वस्तुस्थिती आहे. याच्या अगदी उलट उदाहरण ‘कालनिर्णय’चे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या या दिनदर्शिकेत डोळ्यांना भुलवणारे जवळजवळ काही नाही. पण तिथी, सण, सुट्टी हे सारे जेथल्या तेथे सापडते, आणि हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वांचे सण एकाच चौकोनी जाळीत गुण्यागोविंदाने बसतात. आपल्यापैकी कितीतरी घरांत देवाच्या तसबिरीखालोखाल हाच कागद भिंतीवर मानाने टांगलेला असतो. सुंदर दिसण्याआधी उपयोगी पडणे हा डिझाइनचा धर्म आहे, हे सांगायला याहून जवळचा दाखला कशाला हवा?

परंतु या किनाऱ्यावर पाहण्याची जी शक्यता आहे, तिचा सर्वांत मोठा पुरावा आम्हांला प्रभाकर बरवे यांच्या कामात दिसतो. बरव्यांचा जन्म १९३६ साली श्रीवर्धनच्या उत्तरेस याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नागावात झाला. जे. जे. मधले शिक्षण संपवून १९६१ मध्ये ते विणकर सेवा केंद्रात कलाकार म्हणून नोकरीस लागले, प्रथम वाराणसीस आणि नंतर मुंबईत, आणि बरीच वर्षे त्यांनी कापडासाठी आरेखने केली. हा तपशील चित्रकारांच्या चरित्रांत नोकरीची एक ओळ म्हणून येतो आणि मागे पडतो. आमच्या मते तो मागे पडू नये. कापडाच्या आरेखनात आकार एकदा काढून भागत नाही. तो पुन्हा पुन्हा येणार असतो, म्हणून त्यातले अनावश्यक सारे आधीच गळून पडावे लागते. दोन आकारांमधली जागा ही तेथे उरलेली जागा नसते. तीही आरेखलेलीच असते.

बरव्यांची प्रौढ चित्रे पाहताना हे सतत जाणवते. एक पान, एक शिंपला, घड्याळ, छत्री, टाचणी: घरात आणि अंगणात पडलेल्या या वस्तू सपाट, शांत, करड्या अवकाशात एकमेकींपासून अंतर राखून असतात. ज्या चकचकीत एनॅमल रंगाने पाट्या रंगवतात तोच रंग त्यांनी कॅनव्हासवर वापरला. वस्तू ओळखीची असते, तिची सावली मात्र अनोळखी वागते. कुठे बाह्यरेषा आहे आणि आत काही नाही. कुठे आतला भाग आहे आणि रेषा विरून गेली आहे. सुरुवातीच्या काळात, तंत्रमार्गातील आकृत्यांचा प्रभाव असताना, त्यांनी पत्त्यांतल्या राजाराणीवरही चित्र केले. पत्ता म्हणजे छापील आरेखनाचा सर्वांत घरगुती नमुना! पण त्यांनी त्या पत्त्याचा तोंडवळा उसना घेतला नाही; पत्त्यातले राजाराणी सपाट असूनही कसे ताठ उभे राहतात, तेवढे घेतले.

त्यांच्या चित्रांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ती कोरडी आहेत, त्यांत माणूस नाही. अंशतः हे खरे आहे. भावनेचा ओलावा शोधणाऱ्याला तेथे थांबावेसे वाटणार नाही. तरीपण त्या पानाकडे आणि शिंपल्याकडे ज्या आदराने पाहिले आहे, तो आदर आम्हांला ओलाव्याहून दुर्मीळ वाटतो. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे मराठी पुस्तक १९९० मध्ये आले. १९९५ मध्ये ते गेले. चित्राचा आरंभ रिकाम्या पृष्ठभागापाशी होतो, हे त्यांच्या पुस्तकाचे नावच सांगते. ज्याला मुखपृष्ठ करायचे आहे त्याने बरव्यांची नक्कल करू नये. त्यांची एक सवय मात्र उचलावी. आधी वस्तूकडे पुरेसा वेळ पाहावे.

आपल्या धार्मिक चित्रांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. येथे आन्जेलो द फोन्सेका यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेले हे चित्रकार बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली शिकले. साडी नेसलेली पवित्र मरिया त्यांनी रंगवली तेव्हा गोव्यातील अनेक भाविकांना ते रुचले नाही; पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांची पुष्कळ चित्रे गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत, आणि त्यांचे कौतुक करणे आता सोपे झाले आहे. इतके सोपे, की ‘मरियेला साडी नेसवली की चित्र भारतीय होते’ असा एक भाबडा समज रूढ झाला आहे. स्टुडिओतल्या जॉन्सनने पार्श्वभूमी बदलली, आपण वस्त्र बदलतो, प्रकार एकच. फोन्सेकांचे मोठेपण साडीत नाही. ते त्या आकृतीच्या झुकण्यात आहे, जलरंगाच्या पातळ थरातून कागद श्वास घेतो त्यात आहे, आणि त्या स्त्रीभोवती सोडलेल्या निःशब्द जागेत आहे. कोर्लईच्या किंवा वसईच्या एखाद्या मुलीने त्यांच्यापासून घ्यायचे असेल तर हे घ्यावे, आणि वस्त्र, पदर, डोक्यावरचे फूल आपल्या आजीचे पाहून काढावे.

जाता जाता अक्षरांविषयी दोन शब्द. फादर स्टीफन्सांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी भाषेवरील इतक्या उत्कट प्रेमाला तिची अक्षरे लाभली नाहीत. आज र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरकाराने घडवलेला ‘मंगल’ हा टंक कोट्यवधी संगणकांवर फुकट बसलेला आहे. तरीही स्मरणिकेच्या शीर्षकासाठी आपली मुले हटकून देवनागरीला रोमन अक्षरांचे कपडे चढवतात, शिरोरेषा छाटतात, वेलांट्या पिळतात. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके एकदा समोर ठेवावीत. नाटकाचा स्वभाव ते अक्षरात उतरवीत, पण अक्षर वाचता येईनासे कधी होत नसे.

पुन्हा श्रीवर्धनकडे येऊ, कारण तेथे हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. घरांवरची कौले आणि पत्रे पुन्हा बसले. पोफळीला फळ धरायलाच पाच-सात वर्षे लागतात, आणि जुन्या वाडीतली ती दाट, हिरवी, खांबाखांबांची सावली त्याहून सावकाश येते. वादळानंतरच्या पडझडीची छायाचित्रे विपुल निघाली, वर्तमानपत्रांत छापून आली, मदतकार्याला उपयोगीही पडली. पण वादळाआधीची वाडी कशी होती, हे दाखवणारी चित्रे शोधू गेल्यास हाती पुन्हा तोच समुद्र आणि तोच सूर्य येतो. एका झाडावरून खाली न उतरता शेंडा वाकवून दुसऱ्या झाडावर जाणारा सुपारी उतरवणारा माणूस, अंगणात पसरलेल्या नारिंगी फळांचा दिवसागणिक तपकिरी होत जाणारा रंग, असोली सुपारी सोलणाऱ्या बायकांची वर्तुळाकार बैठक, पाटाच्या पाण्यात पडलेले खोडांचे उभे पट्टे: ही सारी चौकटीबाहेर टाकली गेली. निवड झाली होती. ती कुणी विचारपूर्वक केली नव्हती एवढेच.

वादळानंतर लावलेली रोपे आता फळावर येऊ लागण्याच्या वयाची आहेत. जुन्या उंच खोडांमध्ये ही कोवळी झाडे अर्ध्या उंचीवर उभी, आणि मध्ये जेथे झाड पडले आणि पुन्हा लावले गेले नाही तेथे उन्हाचा एक मोठा चौकोन. सकाळी आठच्या सुमारास तो चौकोन जमिनीवर असतो. दुपारपर्यंत तो विहिरीच्या कठड्यावर सरकतो. येत्या नाताळच्या भेटकार्डासाठी कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांनी श्रीवर्धनला गेलेच, तर पुळणीवर जाण्याआधी एखाद्या वाडीवाल्याची परवानगी घेऊन त्या चौकोनापाशी अर्धा तास बसावे, आणि निघताना त्याच्याकडून एक सुपारी कापून घ्यावी.