कुलूप आणि कालावधी : नोंद-कुलपाच्या सिद्धान्ताची एक परीक्षा

एकाच खतावणीवर अनेक लेखनिक एकाच वेळी काम करू लागले, म्हणजे नोंदीवरील अधिकाराचा प्रश्न उद्भवतो. भांडारात एका वस्तूचे १०० नग शिल्लक आहेत. एक लेखनिक ३० नग विकतो, दुसरा २०. दोघांनीही आरंभी १०० हाच आकडा वाचला असेल, तर नोंदीत अखेर ७० किंवा ८० उरतात; खरी शिल्लक मात्र ५० असते. हा अनर्थ टाळण्यासाठी नोंदीला लॉक, म्हणजेच कुलूप, घालण्याची पद्धत रूढ झाली. ‘नोंद दुसऱ्याच्या वापरात आहे’ हा संदेश त्या पद्धतीचा दोष नव्हे. ती तिच्या जागरूकतेची खूण होय. असे असूनही व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये तो उपद्रवच का ठरतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

एस्वरन, ग्रे, लोरी व ट्रेगर यांच्या १९७६ च्या निबंधाने या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. प्रत्येक ट्रान्झॅक्शनने एकदा एखादे कुलूप सोडल्यानंतर नवे कुलूप घेऊ नये, हा त्यातील द्विपदी नियम होय. तो पाळला असता एकत्र चाललेल्या कामांचा परिणाम ती एकामागून एक केल्यासारखाच होतो. हे प्रतिपादन निर्विवाद आहे. परंतु हा नियम क्रमाचा आहे, कालावधीचा नव्हे. कुलूप क्षणभर राहिले काय, किंवा लेखनिक जेवायला गेला म्हणून तासभर राहिले काय, नियमाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. फॉक्सप्रोसारख्या भाषांत दुरुस्तीचा पडदा उघडताच नोंद कुलूपबंद करणारे प्रोग्राम लिहिणे सोपे होते. तेथे यंत्राच्या गतीसाठी योजलेले साधन माणसाच्या विचाराच्या गतीला जखडले जाते. उपद्रवाचे मूळ येथे आहे.

कुंग व रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये याच्या उलट मार्ग सुचविला. आधी कुलपाशिवाय वाचावे, मग पडताळावे आणि संघर्ष नसेल तरच लिहावे. व्यवहारात नोंदीसोबत आवृत्तीचा अंक ठेवतात; लिहिताना तो बदललेला आढळला, तर लेखन नाकारले जाते. प्रतीक्षा संपते खरी, पण संघर्ष विरळ असतो हे येथे गृहीत धरलेले आहे. ग्राहकाचा पत्ता बदलताना ते खरे ठरते. प्रत्येक बिलागणिक वाढणाऱ्या क्रमांकाच्या नोंदीबाबत ठरत नाही. शिवाय नकाराचा भार लेखनिकावर पडतो. त्याचे भरून झालेले काम वाया जाते. व्हिज्युअल फॉक्सप्रोमधील ओल्डव्हॅल व कर्व्हॅल ही फंक्शने येथे उपकारक ठरतात. मूळचे मूल्य व दुसऱ्याने लिहिलेले मूल्य लेखनिकाच्या स्वतःच्या मूल्याशेजारी मांडता आल्यामुळे निर्णय जाणत्याच्या हाती राहतो.

याहून गंभीर चूक निदानाची आहे. दीर्घ प्रतीक्षा आणि परस्परांना अडविणारा डेडलॉक यांवर ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा एकच उपाय सरसकट योजला जातो. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये डेडलॉक झाला, तर बळी दिलेले संपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतले जाते. पण ५० सेकंदांची मूळ ठरीव प्रतीक्षा संपली, तर मूळ रचनेनुसार केवळ शेवटचे विधान मागे जाते आणि आधीची विधाने तशीच उभी राहतात. हा भेद न जाणता प्रोग्रामाने पुढे जाऊन कमिट केले, तर मालाची घट नोंदली जाते, परंतु येणे रकमेची नोंद होत नाही. त्रुटीचा संदेश नाहीसा होतो आणि खतावणी खोटी होते. अशा प्रसंगी संपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेऊन ते आरंभापासून पुन्हा करणे हाच ग्राह्य उपाय होय. डेडलॉक मुळातच टाळावयाचा, तर सर्व प्रोग्रामांनी नोंदी एकाच ठरलेल्या क्रमाने कुलूपबंद कराव्यात. कॉफमन प्रभृतींनी १९७१ मध्ये सांगितलेल्या चार अटींपैकी चक्राकार प्रतीक्षेची अट त्यामुळे मोडते.

तात्पर्य, दोन्ही सिद्धान्त आपापल्या गृहीतांपुरते खरे आहेत. माणूस विचार करीत असताना कुलूप धरू नये. यंत्र लिहीत असताना ते सोडू नये. कोणती नोंद विरळ स्पर्शाची आणि कोणती गर्दीची, हे ठरविण्याचे काम मात्र कोणताही सिद्धान्त करीत नाही. ते त्या धंद्याच्या जाणकारानेच केले पाहिजे.