अध्ययन आणि मनन : कन्फ्यूशियसच्या शिक्षणविचाराचे परीक्षण

कन्फ्यूशियसची (इ. स. पू. ५५१–४७९) वचने ‘लुन् यू’ या वीस भागांच्या ग्रंथात संग्रहित आहेत. ग्रंथाचा आरंभच अध्ययनाच्या आनंदाने होतो. अध्ययनास मननाची जोड असावी व विद्येने प्रथम स्वतःचे शील घडावे, हे त्यातील शिक्षणविचाराचे मर्म होय. गुरूने एक कोपरा दाखवावा आणि उरलेले तीन शिष्याने शोधावेत, अशी त्याची अपेक्षा होती.

पुढील इतिहासाने मात्र या विचाराला न्याय दिला नाही. १३१३ साली चू शीच्या भाष्यासह चार ग्रंथ राज्यपरीक्षेचा पाया ठरले. कालांतराने ठराविक आठ अंगांचा निबंध हीच विद्वत्तेची कसोटी होऊन बसली. १९०५ मध्ये ती परीक्षा बंद झाली. येथे दोष पाठांतराचा नव्हे. मननाशी झालेल्या त्याच्या फारकतीचा आहे.

हा दोष चीनपुरता नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा-सौंसरचा मराठी टापू मध्य प्रदेशातच राहिला व २०२३ मध्ये पांढुर्णा हा जिल्हा झाला. येथील पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात. उत्तर पाठ होते, गुणही मिळतात. परंतु अर्थ घरच्या भाषेत उतरतोच असे नाही. आपल्या शब्बाथ शाळेतील प्रश्नोत्तरावलीचीही हीच गत होऊ शकते.

यावर उपाय शिक्षकापासूनच सुरू होतो. या ग्रंथाचे भाषांतरकार, लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स लेग यांनी १८६१ मध्ये कन्फ्यूशियसला थोर पुरुष मानण्याचे नाकारले होते. १८९३ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी तो अभिप्राय बदलून त्याची थोरवी मान्य केली. त्यांचा ख्रिस्तावरील विश्वास ढळला नव्हता. अध्ययन थांबले नव्हते, इतकेच.

कन्फ्यूशियसच्या विचाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. मनुष्य साधनेने शील घडवितो, हे तो शिकवितो. पतिताला उचलणाऱ्या कृपेची वार्ता त्याच्यापाशी नाही. तथापि, बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारीत होता (लूक २:४६), हे आपण विसरू नये. म्हणून मुलाने उत्तर बिनचूक म्हणून दाखविल्यावर धर्मशिक्षकाने तेथेच थांबू नये. त्याचा अर्थ त्याच्याच बोलीत सांगावयास लावावे, आणि त्याने प्रतिप्रश्न केल्यास तो उद्धटपणा समजू नये.