प्रार्थनेचा एकांत आणि शेजाऱ्यांचे ऋण : फ्रँक लॉबाक यांच्या दान्सालान-पत्रांचे एक वाचन

प्रास्ताविक

मराठी अभ्यासकांना मिशनरी परिचित आहे तो प्रामुख्याने भाषेचा कामगार म्हणून. व्याकरण, कोश, छापखाना, शाळा आणि बायबलचे भाषांतर या पाच वाटांनीच तो आपल्या वाङ्मयेतिहासात प्रवेश करतो. धर्मांतराच्या वादात तो दिसतो तेव्हा बहुधा आरोपी किंवा कैवारी अशा दोनच भूमिकांत दिसतो. परक्या मुलखात वर्षानुवर्षे राहणारा, सकाळी उठून आपल्याच श्रद्धेची झाडाझडती घेणारा, आपण येथे कशासाठी आलो या प्रश्नाने अस्वस्थ होणारा माणूस म्हणून त्याच्याकडे पाहण्याची सवय आपल्या समीक्षेला फारशी नाही. याचे एक कारण असे की या प्रकारचे अनुभव पत्रांत आणि रोजनिशींत विखुरलेले असतात, आणि पत्र हा वाङ्मयप्रकार आपण इतिहासाचे साधन म्हणून जितक्या तत्परतेने वापरतो तितक्या तत्परतेने वाङ्मय म्हणून वाचत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका पत्रसंग्रहाचा विचार केला आहे. अमेरिकन मिशनरी फ्रँक लॉबाक (१८८४-१९७०) यांनी फिलिपीन्समधील मिंदानाव बेटावरील दान्सालान या गावातून आपल्या वडिलांना लिहिलेल्या पत्रांतील निवडक उतारे १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘लेटर्स बाय अ मॉडर्न मिस्टिक’ या नावाने प्रसिद्ध झाले. संकलन कॉन्स्टन्स पॅडविक यांचे आणि प्रस्तावना अल्डेन क्लार्क यांची. हे क्लार्क म्हणजे पूर्वी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेले गृहस्थ होत. रेव्ह. ना. वा. टिळकांच्या आयुष्याचा मोठा भाग ज्या मिशनच्या परिसरात गेला, तेथे वावरलेल्या माणसाने या पत्रांची ओळख करून द्यावी, हा योगायोग मराठी वाचकाने नोंदवून ठेवावा असा आहे.

ही पत्रे ख्रिस्ती जगतात भक्तिग्रंथ म्हणून वाचली जातात; त्यांतील ईश्वरस्मरणाची साधना उचलली जाते आणि ती ज्या गावात, ज्या लोकांमध्ये घडली ते गाव व ते लोक बाजूला राहतात. परंतु ही साधना त्या शेजारावाचून उभीच राहू शकत नाही. ती जितकी एकांताची फलश्रुती आहे तितकीच शेजाऱ्यांकडून शिकलेली गोष्ट आहे, आणि या ऋणाची नोंद पुस्तकात अपुरी आहे.

गाव आणि माणूस

लॉबाक हे केवळ धर्मोपदेशक नव्हते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय भटके, निराधार लोक हा होता. १९१५ साली ते फिलिपीन्सला आले. मिंदानावच्या मुस्लिम ‘मोरो’ समाजात काम करण्याची त्यांची इच्छा होती. परंतु प्रत्यक्ष दान्सालानला पोहोचायला १९२९ साल उजाडले. मधली वर्षे बेटाचा उत्तर किनारा आणि मनिला येथील शिक्षण-संघटनांच्या कामात गेली. पंचेचाळिशीत पोहोचलेला, प्रतिष्ठा मिळवलेला हा मनुष्य लानाव सरोवराच्या काठी एकटा राहावयास आला. पत्नी एफा आणि मुलगा रॉबर्ट हे दूर उत्तरेकडे, लुझोन बेटावरील बागियो येथे राहिले.

समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरील या सरोवराभोवती राहणारे मरानाव लोक आपले नावच सरोवरावरून घेतात. त्यांना अमेरिकेचा परिचय प्रथम झाला तो बायबलमधून नव्हे. २ मे १९०२ रोजी सरोवराच्या दक्षिणेस बायान येथे अमेरिकन सैन्याने मरानाव गढीवर हल्ला केला. पुढच्याच वर्षी कॅप्टन पर्शिंग यांनी सरोवराला वेढा घालणारी मोहीम काढली. लॉबाक दान्सालानला आले तेव्हा या घटनांना तीन दशकेही झाली नव्हती; ज्यांचे वडील, चुलते तेथे पडले ती माणसे बाजारात भेटत होती. गोऱ्या अमेरिकन माणसाभोवती गावकऱ्यांनी उभी केलेली अबोल्याची भिंत या इतिहासातून आली होती. पत्रांत भिंत जाणवते, इतिहास मात्र जवळपास येत नाही. समाजशास्त्राच्या पदवीधराची ही शांतता वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही.

मिनिटांचा हिशेब

१९३० च्या जानेवारीपासून पत्रांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : जागेपणीच्या प्रत्येक मिनिटाला ईश्वराचे भान ठेवणे माणसाला शक्य आहे काय? लॉबाक हा प्रश्न सिद्धान्त म्हणून मांडत नाहीत. उरलेले आयुष्य त्याचे उत्तर शोधण्याच्या प्रयोगात घालवावयाचे, असे ते वडिलांना कळवतात. ‘प्रयोग’ ही कल्पना येथे कळीची आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठातील स्वयंपाकघरात भांडी घासताना ईश्वरसान्निध्याचा अभ्यास करणारे ब्रदर लॉरेन्स हे या वाटेवरचे त्यांचे पूर्वसूरी. पण लॉरेन्स यांच्या ठिकाणी जी वृत्ती शांतपणे मुरलेली दिसते, ती लॉबाक यांच्या ठिकाणी विसाव्या शतकातील संशोधकाच्या उतावीळपणासह येते. आज किती वेळ स्मरण टिकले, कोठे सुटले, कोणत्या कामात पूर्ण विसर पडला, याचा ते आढावा घेतात. पुढे त्यांनी याच साधनेवर ‘द गेम विथ मिनिट्स’ ही पुस्तिका लिहिली, त्या शीर्षकातच मिनिटांशी मांडलेला हा डाव आहे.

मराठी वाचकाला येथे नामस्मरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण ती आठवण सावधपणे वापरावयास हवी. आपल्याकडे माळेच्या मण्यांवर नाम मोजण्याची रीत आहे आणि नुसते मणी ओढण्याची थट्टा करणारी परंपराही आहे. लॉबाक यांच्याजवळ नाम नाही, मंत्र नाही, ठरलेला शब्द नाही. आहे ते केवळ लक्ष. शब्दाचा आधार नसलेले लक्ष टिकवणे किती जिकिरीचे असते हे ते लपवत नाहीत. एकाग्रतेचा हा प्रयत्न कष्टाचा आहे, परंतु त्यामुळे इतर सर्व गोष्टींतील कष्ट ओसरले, अशा अर्थाचे त्यांचे विधान या साधनेचे सर्वांत प्रामाणिक वर्णन म्हणता येईल.

या हिशेबात एक धोका आहे. श्रद्धेला मिनिटांची मोजपट्टी लावली की यश-अपयशाची भाषा येते, आणि ती आली की साधकाचे लक्ष ईश्वराकडून स्वतःच्या गुणपत्रिकेकडे वळते. काही पत्रांत हे घडलेले दिसते. मात्र पत्र या प्रकारानेच लॉबाक यांना वाचवले आहे. ही टिपणे स्वतःपुरती असती तर ती आत्ममग्न झाली असती, आणि ग्रंथरूपाने प्रथमपासून लिहिली असती तर उपदेशात्मक झाली असती. ती लिहिली आहेत दूर देशातल्या वृद्ध पित्याला. त्यामुळे त्यांत घरच्या पत्राचा ओलावा आहे. टंकलेखन यंत्रासमोर बसल्यावरची तंद्री, घरामागच्या सिग्नल हिलवर कुत्र्यासह केलेली चढण, सरोवरावरचे मावळतीचे रंग, आठवडाभराची निराशा हे सारे एकाच सुरात सांगितले जाते. मुलगा बापाला खुशाली कळवतो तसा हा साधक ईश्वराविषयी कळवतो. या साधेपणाने पत्रांना जे बळ दिले आहे ते त्यांच्या नंतरच्या प्रचारपर लेखनात क्वचितच आढळते.

टेकडीवरची दोन कथने

सिग्नल हिल ही टेकडी पत्रांत वारंवार येते. तेथे बसून लॉबाक मोठ्याने प्रार्थना करीत, आणि आपल्याच जिभेतून ईश्वर आपल्याशी बोलतो आहे असा अनुभव त्यांना येई. या अनुभवाचा नेमका आशय काय होता, याचे सविस्तर कथन मात्र त्यांच्या नंतरच्या आत्मपर लेखनात मिळते. तेथे ते सांगतात की, तू गोरा आहेस म्हणून या लोकांपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतोस, तुझे त्यांच्यावर प्रेम नाही, अशी कानउघाडणी त्या टेकडीवर झाली. आणि पुढची आज्ञा अशी की, त्यांनी तुझ्या धर्माशी न्यायाने वागावे असे वाटत असेल तर तू त्यांच्या धर्माशी न्यायाने वाग, त्यांच्याजवळ बसून कुराण शीक. लॉबाक खाली उतरले आणि गावातील मौलवींना त्यांनी तशी विनंती केली. दुसऱ्या दिवशी ते आपापले ग्रंथ घेऊन दारात हजर झाले. या अमेरिकनाला मुसलमान करण्याची संधी त्यांना दिसत होती. या प्रसंगातील विनोद लॉबाक यांनीही दडवलेला नाही.

ही दोन कथने शेजारी ठेवून वाचली की पत्रसंग्रहाचे रूप बदलते. पत्रांत श्रद्धेचा धडा ईश्वर आणि एकटा साधक यांच्यामध्ये घडतो. नंतरच्या कथनात तोच धडा वंशश्रेष्ठत्वाच्या भावनेविरुद्ध आहे, आणि तो पूर्ण होतो शेजाऱ्याच्या ओसरीवर. ईश्वराला समर्पण हाच ज्यांच्या धर्माच्या नावाचा अर्थ, दिवसातून पाच वेळा कामधाम बाजूला ठेवून जे त्याचे स्मरण करतात, अशा लोकांमध्ये राहूनच लॉबाक यांना अखंड स्मरणाचा प्रश्न पडला, ही गोष्ट आकस्मिक मानता येत नाही. ते ख्रिस्ती राहिले, येशूवरची त्यांची निष्ठा ढळली नाही. परंतु साधनेची निकड त्यांना मशिदीच्या शेजारात जाणवली. भक्तिग्रंथ म्हणून होणाऱ्या वाचनात नेमका हाच धागा सुटतो.

अक्षरांचे वर्ग

याच काळात लॉबाक मरानाव भाषा शिकत होते, तिच्यासाठी रोमन लिपीतील लेखनपद्धती बसवत होते आणि प्रौढांना वाचावयास शिकवत होते. मरानाव गायक ‘दारांगेन’ हे दीर्घ महाकाव्य परंपरेने मुखोद्गत ठेवीत आले आहेत. युनेस्कोने २००५ साली त्याचा गौरव केला. लॉबाक यांनी त्याचा काही भाग १९३० सालीच इंग्रजीत प्रसिद्ध केला होता. म्हणजे ज्या महिन्यांत ते वडिलांना एकांताविषयी लिहीत होते त्याच महिन्यांत त्यांच्या दिवसाचा मोठा भाग माणसांचे बोलणे आणि गाणे ऐकण्यात जात होता. निवडलेल्या उताऱ्यांत त्या आवाजांचे प्रतिबिंब फार क्षीण आहे. हा दोष पत्रलेखकाचा की संकलनाचा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. भक्तिपर वाचकासाठी उतारे वेचताना वर्गातल्या, छापखान्यातल्या, बाजारातल्या गोष्टी गाळल्या जाणे संभवनीय आहे. संक्षेप हीही एक भाष्यपद्धतीच असते.

आर्थिक मंदीमुळे मिशनचा निधी आटला आणि शिक्षकांचे पगार थांबण्याची वेळ आली, तेव्हा काकाई दागालांगित या मरानाव प्रमुखाने तोडगा काढला : जो शिकेल त्याने दुसऱ्याला शिकवलेच पाहिजे, न शिकवील त्याला आपण ठार मारू. लॉबाक यांच्या नावाशी जगभर जोडली गेलेली ‘एकाने एकाला शिकवावे’ ही पद्धती अशी धमकीतून जन्मली. १९३५ मध्ये लॉबाक भारतात आले, १९४० मध्ये ‘इंडिया शॅल बी लिटरेट’ हे त्यांचे पुस्तक जबलपूरहून निघाले, आणि पुढे साक्षरता अभियानांत व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत हीच घोषणा महाविद्यालयीन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून असंख्य वेळा म्हणवून घेतली. तिच्यामागे एका मरानाव प्रमुखाची तलवार होती हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असावे.

साक्षरतेच्या या पद्धतीत आणि मिनिटांच्या साधनेत एक आंतरिक नाते आहे. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या समोर उभे न राहता शेजारी बसावे, त्याला लाज वाटेल असा प्रश्न विचारू नये, त्या घटकेपुरते सारे लक्ष त्या एका माणसाकडे असावे, असा लॉबाक यांचा आग्रह होता. टेकडीवर ईश्वराकडे लावलेले लक्ष वर्गात निरक्षर शेतकऱ्याकडे वळते, आणि मोजपट्टीचा जो धोका वर सांगितला तो येथे आपोआप विरतो, कारण मोजावयाची मिनिटे आता स्वतःची राहिलेली नसतात.

निनावी शेजारी

एवढे मान्य करूनही संग्रहातील एक उणीव डोळ्यांआड करता येत नाही. त्यातील मरानाव माणसे बहुतेक निनावी आहेत. ‘मोरो’ या सामूहिक नावाखाली ती येतात. त्यांचे चेहरे उजळतात, त्यांची मने वळतात, पण त्यांना राजकारण नाही, वाद नाहीत, स्वतःचे बेत नाहीत. १८ मार्च १९३५ रोजी, म्हणजे पत्रसंग्रह निघण्याच्या दोन वर्षे आधी, याच दान्सालानमध्ये शंभराहून अधिक मरानाव प्रमुखांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना निवेदन लिहून आपला प्रदेश स्वतंत्र होणाऱ्या फिलिपीन्समध्ये घालू नये अशी मागणी केली. एवढी राजकीय जाण असलेला समाज पत्रांत केवळ प्रेमाचा विषय होऊन येतो. प्रेम खरे आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रेमाने माणूस ओळखला जातोच असे नाही.

दान्सालानला १९५६ साली मरावी हे नाव मिळाले. लॉबाक यांनी १९५० साली तेथे सुरू केलेल्या दान्सालान कॉलेजला २३ मे २०१७ रोजी सशस्त्र अतिरेक्यांनी आग लावली. त्यानंतर पाच महिने चाललेल्या लढाईत शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला आणि सरोवराकाठची लाखो माणसे विस्थापित झाली. विस्थापितांत बहुसंख्य होते ते मरानाव मुसलमानच.

पत्रांत एका ठिकाणी लॉबाक वडिलांना कळवतात की, आपण काहीच केलेले नाही, केवळ ईश्वराचे स्मरण करीत लोकांमध्ये हिंडतो. तरीही दोन प्रमुख मौलवी प्रांतभर फिरून सांगत आहेत की हा माणूस तुम्हाला ईश्वर जाणून घेण्यास मदत करील. संग्रहातील हे कदाचित सर्वांत विलक्षण स्थळ आहे. मुस्लिम धर्मगुरूंनी ख्रिस्ती मिशनऱ्याविषयी दिलेली ही ग्वाही लॉबाक स्वतःच्या साधनेचे फळ म्हणून नोंदवतात. त्या मौलवींनी हे कोणत्या शब्दांत सांगितले, ‘ईश्वर जाणणे’ यासाठी त्यांनी मरानाव की अरबी शब्द योजला, ऐकणाऱ्यांनी त्यांना काय विचारले, यांपैकी काहीही संग्रहात नाही. दोघांची नावेही नाहीत.