उपालीचे दार : दोन सुत्तांचे पुनर्वाचन

मज्झिमनिकायातील ५६ वे सुत्त म्हणजे उपालिसुत्त. पालीच्या अभ्यासवर्गांत ते आवडीने शिकविले जाते, आणि बहुधा एकाच हेतूने : भगवंतांनी निगण्ठांच्या धनाढ्य उपासकास कसे निरुत्तर केले, हे दाखविण्यासाठी. या वाचनाविषयी आमची तक्रार आहे. सुत्ताचा मूळ पाठ समोर ठेवला तर उपाली निरुत्तर झालाच नाही, असे दिसते.

प्रसंग नालंदेचा. भगवंत पावारिकाच्या आम्रवनात राहिलेले आणि निगण्ठ नातपुत्तही त्याच नगरीत. प्रथम दीघतपस्सी नावाचा निगण्ठ भगवंतांकडे येतो. पापकर्मात काया, वाचा, मन यांपैकी अधिक दोषास्पद काय, हा प्रश्न निघतो. निगण्ठ 'दण्ड' म्हणतात आणि कायदण्ड श्रेष्ठ मानतात. भगवंत 'कम्म' म्हणतात आणि मनोकम्म श्रेष्ठ मानतात. दोघेही आपापले मत तीन वेळा सांगतात आणि दीघतपस्सी शांतपणे परततो. कोणाचेही मत बदललेले नसते, कोणाचा अवमानही झालेला नसतो. मात्र उपाली 'मी जाऊन वाद करतो' असे म्हणताच हाच दीघतपस्सी त्याला अडवू पाहतो. श्रमण गोतमाजवळ मन फिरविणारी माया आहे, असे तो सांगतो. जो स्वतः प्रत्यक्ष भेटून आला, त्यानेच दुसऱ्याच्या भेटीची भीती बाळगावी, हे विलक्षण आहे.

पुढील संभाषणाच्या आरंभी भगवंत एवढीच अट घालतात की, सत्याला धरून बोलणार असल्यास आपले बोलणे होऊ शकेल. मग दृष्टान्त येतात. थंड पाणी वर्ज्य केलेला आजारी निगण्ठ, चालताना नकळत चिरडले जाणारे सूक्ष्म जीव, नालंदेचा क्षणात संहार करू पाहणारा खड्गधारी, ऋषींच्या मनःप्रकोपाने अरण्य झालेला दण्डक प्रदेश. अखेरीस उपाली सांगतो की, पहिल्याच दृष्टान्ताने त्याचे समाधान झाले होते. पण भगवंतांची नाना प्रकारची उत्तरे ऐकावीत म्हणून तो मुद्दाम विरोध करीत राहिला. आमच्या मते साऱ्या सुत्तात याहून मोलाचे स्थळ नाही. ज्याला बोलण्याची गोडी लागली आहे, तो हरलेला कसा म्हणावा?

उपाली उपासक होऊ इच्छितो तेव्हा भगवंत त्याला थांबवितात. आपल्यासारख्या प्रतिष्ठित माणसाने नीट विचार करून पाऊल टाकावे, असे सांगतात. शिवाय त्याचे घर निगण्ठांना दीर्घकाळ पाणवठ्यासारखे झाले आहे, तेव्हा त्यांची भिक्षा चालू ठेवावी, असा उपदेश करतात. वैशालीच्या सीह सेनापतीलाही विनयपिटकात हाच उपदेश केलेला आढळतो. तेव्हा हा एखाद्या प्रसंगापुरता चांगुलपणा म्हणता येणार नाही.

पण घरी परतल्यावर उपाली काय करतो, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष जात नाही. तो द्वारपाळास आज्ञा देतो : आजपासून निगण्ठांना दार बंद, भिक्षा हवी असेल तर त्यांनी बाहेरच उभे राहावे, तेथे ती आणून दिली जाईल. भगवंतांच्या उपदेशाचे अक्षर पाळले गेले. अन्न मिळाले, बैठक मात्र मोडली. पुढे नातपुत्त स्वतः येतात तेव्हा, ज्या आसनाची धूळ उपाली पूर्वी उत्तरीयाने पुसून त्यांना बसवीत असे, त्याच आसनावर तो स्वतः बसलेला असतो. शेवटी नातपुत्तांच्या मुखातून उष्ण रक्त आले असे सांगून सुत्त संपते. संगीतिकारांना हा शेवट इष्ट वाटला असेल. भगवंतांच्या संभाषणाशी तो जुळत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निकायांत भगवंतांची आणि नातपुत्तांची प्रत्यक्ष भेट कोठेही वर्णिलेली नाही. दोघांमधील सारे बोलणे शिष्यांच्या तोंडून झालेले आहे आणि कटुता साचली आहे ती तेथेच.

दुसऱ्या बाजूचे चित्र याहून वेगळे नाही. अर्धमागधी सूयगडंगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधातील ६ व्या अध्ययनात आर्द्रकाची बौद्धांशी गाठ पडते, आणि वाद नेमका मनोकम्माचाच आहे. तेथील बौद्ध म्हणतो की, पेंडीचा गोळा माणूस समजून भोसकला तर हत्येचे पाप लागते. माणूस पेंड समजून भोसकला तर लागत नाही. हे आपल्या मताचे विडंबन आहे, यात शंका नाही. हर्मान याकोबी यांचा या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८९५ सालापासून उपलब्ध आहे. तरी उपालिसुत्त शिकविताना तो शेजारी ठेवण्याची प्रथा पडली नाही. ठेवला असता तर निगण्ठांचा कायदण्ड आपल्या ग्रंथांत जसा सोपा करून मांडला आहे, तसेच आपले मनोकम्म त्यांच्या ग्रंथांत सोपे करून मांडले आहे, हे विद्यार्थ्यांना आपोआप दिसले असते.

मराठी पाली अभ्यासाच्या परंपरेत वेगळे उदाहरण नाही असे नाही. धर्मानंद कोसंबी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते तेव्हा मुनी जिनविजयजी आणि पंडित सुखलालजी यांचे साहचर्य त्यांना लाभले. 'भगवान बुद्ध' लिहिणाऱ्या याच विद्वानाने 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हा ग्रंथही लिहिला, आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून देह ठेवला. निगण्ठपरंपरेशी त्यांचा इतका निकट संबंध केवळ पोथ्यांतून जडला असेल, हे आम्हांस संभवत नाही.

उपालिसुत्ताच्या जोडीने दीघनिकायातील २५ वे, उदुम्बरिकसीहनादसुत्त वाचावे. राजगृहाजवळ उदुम्बरिकेच्या आरामात निग्रोध परिव्राजक तीन हजार परिव्राजकांसह मोठ्या कोलाहलात बसला आहे. एकाच प्रश्नात श्रमण गोतमाला रिकाम्या घागरीसारखा गडगडवीन, अशी बढाई तो सन्धान गृहपतीपुढे मारतो. भगवंत येतात तेव्हा निग्रोध त्यांच्या धर्माविषयी विचारतो. भगवंत म्हणतात, तो तुम्हांस समजणे कठीण. तुमच्याच तपोमार्गाविषयी मला विचारा. आपला सिद्धान्त बाजूला ठेवून दुसऱ्याच्या सिद्धान्तावर बोलावयास हा तयार होतो, याचे परिव्राजकांना आश्चर्य वाटते. मग तपस्व्याच्या अंगी कोणते दोष शिरतात, याचे जे बारीक विवेचन येते, ते त्या मार्गाला आतून ओळखणाऱ्याचे आहे. पुढे भगवंत स्पष्टच सांगतात की, शिष्य मिळविण्यासाठी मी हे बोलत नाही. तुमचा आचार्य तोच आचार्य राहो, तुमचा पाठ तोच पाठ राहो.

यानंतर एकही परिव्राजक भगवंतांकडे येत नाही. सारे खाली मान घालून बसतात. सुत्तकार याचे खापर माराच्या माथी फोडतात, कारण एवढ्या संभाषणानंतर कोणीही न वळणे त्यांना अन्यथा समजावून सांगता येत नाही. आम्हांस मार आणण्याची गरज वाटत नाही. आचार्य बदलू नका, असे ज्यांना सांगितले, त्यांनी तो बदलला नाही, एवढेच. मज्झिमनिकायातील सच्चकही महासच्चकसुत्ताच्या अखेरीस असाच उठून जातो. जाता जाता एवढे मात्र कबूल करतो की, टोचून बोलले तरी गोतमाची मुद्रा प्रसन्नच राहते.

अभ्यासक्रमांतील वेच्यांत उपालिसुत्ताचा शेवट ठेवला जातो आणि उदुम्बरिकसुत्ताचा गाळला जातो, तेव्हा विद्यार्थी काय शिकतो याचा विचार वेचे निवडणाऱ्यांनी करावयास हवा. आज आपल्याकडे भिन्न मताच्या माणसाला उत्तर दिले जाते ते पत्रकातून किंवा भ्रमणध्वनीवरून, म्हणजे दाराबाहेर ठेवलेल्या भिक्षेसारखे. उदुम्बरिकसुत्तातील शेवटची वाक्ये साधी आहेत. भगवंत गृध्रकूटावर परततात, सन्धान गृहपती राजगृहात जातो, आणि परिव्राजक जेथे होते तेथेच, आपल्या आचार्याजवळ बसून राहतात.