परका चेहरा, घरचा माल : जपानी जाहिरातींतील लक्षणाव्यापार

जपानी दूरचित्रवाणीवरील जाहिरातींत अमेरिकन आणि युरोपीय नटनट्यांचे चेहरे सातत्याने दिसत आले आहेत. या वस्तुस्थितीचा एक ठरावीक अन्वयार्थ रूढ झालेला आहे. पाश्चात्त्य चेहऱ्याची प्रतिष्ठा देशी मालाला उसनी मिळते आणि हे उसनेपण युद्धोत्तर जपानच्या सांस्कृतिक परावलंबनाची खूण ठरते, असा तो अन्वयार्थ. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु जाहिरातीची संहिता वाचण्यापूर्वीच तो निकाल देऊन मोकळा होतो. वाहनांच्या जाहिरातींपाशी तर त्याचा अपुरेपणा स्पष्टच होतो. परके चेहरे जपानी पडद्यावर सर्वाधिक गर्दी करीत होते, त्याच काळात जपानी मोटारी आणि दुचाक्या जगाची बाजारपेठ व्यापीत होत्या. ज्याच्या मालाने अमेरिकन कारखानदार धास्तावला होता, त्याला अमेरिकन नटाच्या शिफारशीची गरज का पडावी, या प्रश्नाला 'परावलंबन' हे उत्तर पुरत नाही.

जाहिरातीच्या चिन्हमीमांसेची पायाभरणी रोलाँ बार्थने १९६४ साली 'पांझानी' या खाद्यपदार्थाच्या जाहिरातीचे विश्लेषण करून केली. प्रतिमेचे अनेक संभाव्य अर्थ असतात आणि सोबतची शब्दसंहिता त्यांपैकी एका अर्थावर प्रतिमेला नांगरून ठेवते, हे त्याचे प्रतिपादन. पुढे १९७८ साली ज्युडिथ विल्यमसनने कॅथरिन दनव्ह आणि 'शानेल' अत्तर यांच्या जाहिरातीचा दाखला घेऊन, अभिनेत्रीचा अर्थ वस्तूकडे कसा संक्रमित होतो हे दाखवले. या दोन्ही विश्लेषणांत एक गोष्ट गृहीत आहे : जाहिरात आणि तिचा प्रेक्षक एकाच संकेतव्यवस्थेत वावरतात. जपानी जाहिरातीतला परका नट मात्र मुळात प्रेक्षकाच्या भाषेबाहेरचा असतो. तो बोलत नाही, बोलला तर त्याचे बोलणे कळत नाही, आणि तरीही अर्थ पोहोचतो. हा व्यापार उलगडण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील लक्षणेची संकल्पना अधिक उपयोगी ठरते. मम्मटाने लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी योग, आणि रूढी किंवा प्रयोजन. प्रचलित अन्वयार्थ यांपैकी केवळ योगाचा, म्हणजे नटाची प्रतिष्ठा आणि माल यांच्या जोडणीचा, विचार करतो. बाधाचे काय होते आणि प्रयोजनाची रूढी कधी होते, हे तो पाहत नाही.

१९७० साली नोबुहिको ओबायाशी या दिग्दर्शकाने 'मँडम' या पुरुषी प्रसाधनासाठी चार्ल्स ब्रॉन्सनला घेऊन केलेल्या जाहिराती या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा आहेत. ब्रॉन्सन तेव्हा हॉलिवुडमधला पहिल्या प्रतीचा तारा नव्हता. 'डेथ विश'चे यश १९७४ चे आहे. म्हणजे उसनी घेण्याजोगी तयार प्रतिष्ठाही येथे पुरेशी नव्हती. ती बऱ्याच अंशी जाहिरातीनेच घडवली. अंगावर लोशनची बाटली रिती करणारा, हनुवटीवरून हात फिरवीत खर्जात मालाचे नाव उच्चारणारा हा पुरुष जपानी प्रेक्षकाच्या शिष्टाचाराला छेद देत होता. हा छेद म्हणजेच मुख्यार्थबाध. हनुवटीवरून हात फिरवण्याची ती लकब घरोघरी अनुकरणाचा विषय झाली, आणि १९७१ मध्ये 'तांचो' या क्रौंच पक्ष्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने 'मँडम' हेच नाव धारण केले. चिन्हाने आपल्या उत्पादकाचेच नाव बदलावे, अशी ही घटना आहे. याच दशकात 'डर्बन' या पोशाखाच्या जाहिरातींत आलाँ दलों फ्रेंच वाक्य उच्चारतो. बार्थच्या परिभाषेत सांगायचे तर येथे शब्द प्रतिमेला नांगरून ठेवीत नाही. शब्दच प्रतिमा होतो. वाक्याचा अर्थ कळण्याची आवश्यकता उरत नाही, त्याचे फ्रेंचपण ऐकू आले की पुरे.

वाहनांच्या जाहिरातींत हा व्यापार अधिक गुंतागुंतीचा होतो. १९७६ साली होंडाने 'रोडपाल' ही ५९,८०० येनांची हलकी दुचाकी बाजारात आणली. तोवर यंत्रचलित दुचाकीशी संबंध न आलेल्या स्त्रियांसाठी ती होती. पायाने दाबून स्प्रिंगला पीळ द्यायचा आणि त्या ताणावर इंजिन सुरू करायचे, अशी तिची रचना. जाहिरातीसाठी निवड झाली सोफिया लॉरेनची, आणि तिच्या तोंडी आला 'रात्तात्ता' हा अनुकरणवाचक ध्वनी. तो इटालियन नाही, जपानी वाक्यही नाही. दोन्ही भाषांच्या सीमेवरचा तो निव्वळ नाद आहे. येथे प्रतिष्ठेचा प्रश्न गौण आहे. गृहिणीने मोटरसायकलच्या जातीच्या यंत्रावर बसणे ही गोष्ट सामाजिक संकेताबाहेरची होती. संकेताबाहेरच्या कृतीचा पहिला उच्चार संकेताबाहेरच्या स्त्रीकडून करविण्यात आला. परकेपणाने येथे मुभा दिली. लॉरेनने जे केले त्याला जपानी सुनेच्या मर्यादेचे माप लागू होत नव्हते.

यामाहाने १९७७ साली 'पासोल' आणली तेव्हा हे अधिकच स्पष्ट झाले. पाय जुळवून, स्कर्ट नेसूनही बसता येईल अशा सपाट पायठेवणीच्या या गाडीसाठी काओरू याचिगुसा या सौम्य, घरंदाज प्रतिमेच्या जपानी अभिनेत्रीची निवड झाली. लॉरेनने उघडलेली वाट याचिगुसाने घरापर्यंत आणून सोडली. एका जाहिरातीचे प्रयोजन अंतर निर्माण करणे हे होते, दुसरीचे ते मिटविणे. या जोडीत आणखी एक विपर्यास दडलेला आहे. इटली आणि जपान यांच्या संयुक्त निर्मितीच्या 'मादामा बटरफ्लाय' या १९५४ च्या चित्रपटात नायिकेची भूमिका याच याचिगुसाने केली होती. पाश्चात्त्यांनी कल्पिलेली जपानी स्त्री तिने इटालियन दिग्दर्शकासाठी साकार केली. दोन दशकांनंतर एक इटालियन अभिनेत्री जपान्यांनी कल्पिलेली पाश्चात्त्य स्त्री साकार करीत होती. परक्याला चिन्ह करण्याचा हक्क एकाच बाजूकडे असतो, असे समजण्याचे कारण नाही.

१९८१ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक मानावे लागेल. मोटार-उत्पादनात जपानने आदल्याच वर्षी अमेरिकेला मागे टाकले होते, आणि अमेरिकेच्या दबावाखाली जपानने तिकडे होणारी मोटारींची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर रोखण्याचे मान्य केले होते. त्याच वर्षी आलेल्या निस्सानच्या नव्या 'स्कायलाइन'च्या जाहिरातींत पॉल न्यूमन दिसू लागला. १९८३ मध्ये त्याच्या नावाची खास आवृत्तीही निघाली. न्यूमन नुसता नट नव्हता. १९७९ साली ल मांच्या शर्यतीत त्याच्या चमूने दुसरा क्रमांक मिळवला होता, आणि अमेरिकेतील शर्यतींत तो निस्सानच्याच 'डॅटसन' मोटारी चालवीत असे. तेव्हा त्याच्या हाती सुकाणूचक्र असणे हे अभिधेच्या पातळीवरच खरे होते. बाध येतो तो दुसरीकडून : ही 'स्कायलाइन' अमेरिकेत विकलीच जात नव्हती. ज्या मोटारीची वाखाणणी अमेरिकन माणूस करतो आहे, ती त्याच्या देशबांधवांना मिळणार नाही. अशा वेळी परका चेहरा प्रतिष्ठेचा दाता राहत नाही, तो साक्षीदार होतो. आपले यश खरे आहे हे बाहेरच्या डोळ्यांतून पाहण्याची निकड या जाहिरातीत व्यक्त होते. परावलंबन आणि साक्षीची निकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आपल्यापाशी नसलेले मागितले जाते, दुसरीत असलेले वदवून घेतले जाते.

पुढच्या काळात या योजनेची रूढी झाली. मायकेल जे. फॉक्स आणि होंडाची 'इंटेग्रा', ब्रूस विलिस आणि सुबारूची 'लेगसी', लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि सुझुकीची 'वॅगन आर' अशा जोड्या एकामागून एक येत गेल्या. काव्यशास्त्राच्या भाषेत, प्रयोजनवती लक्षणा रूढा झाली. बाध जाणवेनासा झाला की लक्षणेतील चमत्कारही लोपतो. दरम्यान या जाहिराती मायदेशी दाखवल्या जाऊ नयेत अशी अट अनेक तारे करारात घालीत, ही बाबही अर्थपूर्ण आहे. एकच चेहरा दोन बाजारांत दोन चिन्हे म्हणून वावरत होता, आणि या दोन चिन्हांची गाठ पडू न देणे हा कराराचा भाग होता.

ती गाठ सोफिया कोपोलाच्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' या २००३ च्या चित्रपटाने घातली. तिचे वडील फ्रान्सिस फोर्ड कोपोला आणि अकिरा कुरोसावा १९८० साली सनटोरी व्हिस्कीच्या जाहिरातींत एकत्र दिसले होते. चित्रपटातला अमेरिकन नटही सनटोरीच्याच जाहिरातीसाठी टोकियोत आलेला आहे. जपानी दिग्दर्शक त्याला लांबलचक सूचना देतो, दुभाषी ती एका वाक्यात आटोपते, आणि पडद्यावर भाषांतर येत नाही. इंग्रजी प्रेक्षकाला दिग्दर्शकाचे बोलणे निव्वळ कोलाहल वाटते. ज्याला जपानी समजते त्याला मात्र कळते, की तो नेमक्या आणि सुसंगत सूचना देत आहे. अर्थशून्यता बोलण्यात नाही, ऐकणाऱ्याच्या स्थानात आहे. दलोंच्या फ्रेंच वाक्याने जपानी प्रेक्षकाला ज्या जागी बसवले होते, त्याच जागी हा प्रसंग अमेरिकन प्रेक्षकाला बसवतो.

जपानी जाहिरातीने या रूढीला दिलेले उत्तर अधिक कल्पक आहे. २००६ पासून सनटोरीच्या 'बॉस' या डबाबंद कॉफीच्या जाहिरातींत टॉमी ली जोन्स परग्रहावरून आलेल्या तपासनिसाच्या भूमिकेत आला. माणसाचे रूप घेऊन तो बांधकामावर मजुरी करतो, टॅक्सी चालवतो, पृथ्वीवरील रहिवाशांच्या तऱ्हा न्याहाळून अहवाल देतो. जग भिकार असूनही विलक्षण आहे, या निष्कर्षाशी मालिका पुनःपुन्हा येते. न्यूमनमध्ये अव्यक्त असलेली साक्षीदाराची भूमिका येथे कथानकच झाली आहे, आणि हा साक्षीदार सुसाट मोटारीचा नायक न राहता टॅक्सीचा चालक झाला आहे. २०११ साली टोयोटाने जाँ रेनोला निळ्या वेषात 'दोराएमोन' केले, तेही दुसरे टोक आहे. तिशीला आलेल्या नोबिताजवळ वाहनपरवाना नाही, ही या मालिकेची कल्पना. तरुण पिढीचे मोटारीकडे फिरलेले पाठ हा तिचा संदर्भ. दोराएमोन हा भविष्यातून आलेला यंत्रबोका, म्हणजे जपानी बालविश्वाचा अत्यंत लाडका परकाच. परग्रहवासी आणि यंत्रबोका या दोन्ही रूपांत युरोप-अमेरिकेचे परकेपण जपानच्या स्वतःच्या मिथकात विरघळवले गेले आहे. बाध पुन्हा जागा झाला, पण प्रयोजन पालटले : आता मोठेपणा मागायचा नाही, परक्यालाच घरच्या गोष्टीत पात्र करायचे.

बार्थचे जपानवरील पुस्तक 'चिन्हांचे साम्राज्य' १९७० चे, म्हणजे ब्रॉन्सनच्या जाहिरातींच्याच वर्षाचे. आपण लिहितो तो जपान आपण रचलेली एक व्यवस्था आहे, हे बार्थ आरंभीच मान्य करतो. फ्रेंच मीमांसक जपानला रिते चिन्ह म्हणून वाचीत असताना जपानी दिग्दर्शक अमेरिकन नटाला रिते करून आपल्या अर्थाने भरीत होता. फरक एवढाच, की पहिल्या कृतीला सिद्धान्त म्हटले गेले आणि दुसरीला अनुकरण.

तथापि या परस्परतेचे कौतुक करून थांबणे योग्य होणार नाही. चिन्ह होण्याचा मान कोणत्या परक्याला मिळतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. सनटोरीच्या जाहिरातीतला सॅमी डेव्हिस ज्युनिअर यासारखे अपवाद वगळता हे परके बहुतांशी गोरे होते. शेजारच्या कोरियातील नटाला असे स्थान ठळकपणे मिळाले ते 'विंटर सोनाटा' ही मालिका २००३ मध्ये एनएचकेवर आल्यानंतर, बे योंग-जूनच्या रूपाने. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारा कोरियन माणूस मात्र या अर्थाने परका ठरत नाही. त्याच्याकडून साक्ष मागितली जात नाही. परक्याला घरचे करण्याची लक्षणा दूरच्या परक्यापुरती उदार असते. परावलंबनाचा आरोप करणाऱ्या समीक्षेला ही मर्यादा दिसत नाही, कारण तिचे सारे लक्ष पश्चिमेकडून काय आले यावरच खिळलेले असते. चेहरा कोणाचा, याबरोबरच तो कोणाच्या जागी आला आहे हेही वाचले, तरच जाहिरातीच्या समीक्षेला राजकीय अर्थ प्राप्त होईल.